सहा मिनिटं चाला, आपला दम ओळखा

 

बैठकीत शुगरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दिवसभर रानात राबतो, आमच्या चालण्याची परीक्षा कशाला?" आम्हीही आधी असंच म्हणायचो. पण नीट पाहा. खुरपताना आपण बसून सरकतो. कापूस वेचताना चार पावलं टाकून थांबतो. सलग, झपझप चालणं फारसं होतच नाही. त्यामुळे दम कमी झालेला कळत नाही, आणि कळला तरी "वय झालं" म्हणून आपण सोडून देतो.

रक्ताच्या तपासणीत साखर किती ते कळतं. हृदय, फुप्फुसं आणि पाय किती साथ देतात, ते कळत नाही. मधुमेह जुना होत जातो तसा हृदयावर, रक्तवाहिन्यांवर आणि पायांच्या नसांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून सहा मिनिटांची चाचणी उपयोगाची. अमेरिकेतले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांत किती अंतर जातं यावरून दम मोजायची रीत मांडली. आजारी माणसांना बारा मिनिटं जड जातात, म्हणून पुढे सहा मिनिटांची चाल आली. तिचे नियम अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये ठरवून दिले.

आता ती कशी करायची ते ऐका. शाळेच्या मैदानावर सपाट, सरळ जागा घ्या. गवंड्याकडच्या टेपने ३० मीटर मोजा, दोन्ही टोकांना वीट ठेवा, दर तीन मीटरवर फक्कीची खूण करा. जाऊन-येऊन एक फेरी ६० मीटरची. मोबाईलवर सहा मिनिटं लावा. जमेल तितकं भरभर चालायचं, पळायचं नाही. दम लागला तर थांबा, टेका, पुन्हा निघा. पण घड्याळ चालूच राहील. शेवटी फेऱ्या आणि वरचे मीटर मोजा.

एक नियम आपल्याला अवघड जातो : एकेकीनेच चालायचं, आणि गप्पा मारायच्या नाहीत. जोडीने चाललं की एकीच्या चालीने दुसरी ओढली जाते. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला सरावानेही अंतर थोडं वाढतं, म्हणून आधी एकदा चालून पाहा आणि तासभर विसावा घेऊन मग खरी चाचणी करा.

आधी काळजी. महिन्याभरात छातीत दुखलं असेल, हृदयविकाराचा झटका आला असेल, बसल्या जागी नाडी १२० च्या वर असेल किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल, तर चालू नका, डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी किंवा उपवासाच्या दिवशी चाचणी नको. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच थांबून साखरपाणी घ्या. तळपाय पाहून घ्या. नसा बधिर झाल्या असतील तर जखम दुखत नाही. अनवाणी चालू नका. छातीत दाब आला किंवा श्वास फारच कोंडला, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. मधुमेहात हृदयाचं दुखणं कधी कधी छातीत न दुखता नुसत्या धापेतून दिसतं.

आमच्या गटातल्या एका काकूंच्या पाच फेऱ्या आणि वर २० मीटर झाले, म्हणजे ३२० मीटर. पोटरी दुखली म्हणून त्या दोनदा थांबल्या. थांबलं की दुखणं जायचं. वर्षभर त्या हे गुडघ्याचं दुखणं समजत होत्या. पायाला रक्त कमी पोचतंय, हे डॉक्टरांच्या तपासणीत कळलं. औषध सुरू झालं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचं चालणंही. तीन महिन्यांनी ३७० मीटर झाले.

वय, उंची, वजन यांनुसार अंतर बदलतं. म्हणून शेजारणीशी तुलना नको. आपली आजची चाल आपल्याच मागच्या चालीशी ताडून पाहा. अंतर घटलं तर डॉक्टरांना सांगा. ही चाचणी शुगर ओळखत नाही. रक्ताची तपासणी आणि गोळ्या चालूच ठेवायच्या.

अंतर वाढवायचं तर आठवड्यात १५० मिनिटं चालावं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. चाल अशी हवी की बोलता यावं, पण ओवी म्हणायला दम पुरू नये. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, हा वरचा फायदा.

पुढच्या बैठकीला टेप आणि दोन विटा आणा. आशाताईंना बोलवा, बीपी मोजून घ्या. प्रत्येकीने आपल्या बचतीच्या पासबुकाच्या मागच्या पानावर तारीख, मीटर आणि किती वेळा थांबलो ते लिहावं. पैशाची बचत आपण दर महिन्याला मोजतोच, आता दर तीन महिन्यांनी दमही मोजू या.