खडकातील पाण्याची जागा

जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर खोल असलेल्या खडकात तेल किती आहे, याचा अंदाज मुख्यतः विजेच्या साहाय्याने बांधला जातो. बहुतेक खडकांचे कण आणि खनिज तेल हे दोन्ही विजेचे दुर्वाहक असल्याने प्रवाह वाहतो तो कणांमधल्या छिद्रांत साचलेल्या खाऱ्या पाण्यातून. म्हणून ज्या थराची रोधकता, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, जास्त भरते, तेथे पाणी कमी आणि तेल अधिक असावे, असा तर्क केला जातो. श्लुंबर्जे बंधूंच्या पद्धतीने १९२७ साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे तेलविहिरीत अशी पहिली विद्युत नोंद घेतली गेली, आणि १९४२ मध्ये गस आर्ची या अमेरिकी अभियंत्याने या तर्काला सूत्राचे रूप दिले. छिद्रांच्या जागेपैकी पाण्याने व्यापलेल्या वाट्याला जलसंपृक्तता म्हणतात. ती घटली की रोधकता तिच्या एका ठरावीक घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते, आणि हा घातांक सामान्यतः २ धरला जातो.

या सूत्राला पाणी किती आहे ते कळते, परंतु ते छिद्रात कोठे बसले आहे हे कळत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. ज्या खडकाच्या पृष्ठभागाला पाणी चिकटते, तो जलप्रिय. त्यात पाणी कणांभोवती पातळ थर धरून राहते, आणि तेलाने छिद्राचा मध्य व्यापला तरी प्रवाहाची वाट अखंड राहते. याउलट तैलप्रिय खडकात तेल कणांना चिकटते आणि पाण्याची अवस्था अळवाच्या पानावरील थेंबासारखी होते: ते छिद्रांच्या मध्यभागी सुटे पडते, त्यातील काही भागाचा उरलेल्या पाण्याशी संबंध तुटतो, आणि असे तुटलेले पाणी असूनही प्रवाहाच्या उपयोगी पडत नाही. त्यामुळे पाणी तेवढेच असताना रोधकता कितीतरी वाढते आणि घातांक २ वरून ४ वर, तीव्र तैलप्रिय खडकात तर ८-१० पर्यंतही जातो.

याचा परिणाम किरकोळ नाही. तेल शिरल्यामुळे एखाद्या थराची रोधकता १६ पट झाली असेल, तर घातांक २ धरल्यास पाणी २५ टक्के आणि तेल ७५ टक्के निघते. तोच घातांक वास्तवात ४ असेल, तर पाणी ५० टक्के असते आणि तेलाचा एक-तृतीयांश हिशेब केवळ कागदावरचा ठरतो.

प्रयोगशाळाही येथे फसवू शकते, कारण विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना टोल्युइनसारख्या द्रावकाने धुतला की कणांवर बसलेले तेलातील ध्रुवीय घटक निघून जातात, मूळचा तैलप्रिय खडक जलप्रिय होऊ शकतो आणि घातांक २ च्या जवळ येऊन खोटी खात्री देतो. म्हणूनच धुतलेला नमुना त्याच साठ्याच्या तेलात, साठ्याच्या तापमानाला, सुमारे १,००० तास मुरवून मगच मोजावा, अशी शिफारस केली जाते. ही प्रक्रिया वेळखाऊ असली तरी ती टाळण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

वालुकाश्मापेक्षा चुनखडकात तैलप्रियता अधिक आढळते, आणि १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचा प्रमुख साठा चुनखडकातच आहे. अशा खडकांच्या बाबतीत नमुन्यावर मोजणी न करता घातांक २ गृहीत धरून काढलेला तेलाचा आकडा विश्वसनीय मानता येत नाही.