प्लग ओला की कोरडा?
जुन्या मोटारसायकलीचे चालू न होणे व पेट्रोल वाहणे

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील दोन तालुके. सावित्री नदी व तिला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांच्या काठी भातखाचरे आणि सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या वाड्या, अशी येथील वस्तीची मांडणी आहे. जेथे एस.टी.च्या मोजक्याच फेऱ्या होतात, अशा वाड्यांतून बाजारपेठेत उतरण्यास मोटारसायकल हेच मुख्य साधन होऊन बसले आहे. खताचे पोते, दुधाचा कॅन, फवारणीचा पंप आणि वेळप्रसंगी आजारी माणूस, हे सर्व तिच्यावरूनच जाते. लावणीच्या ऐन दिवसांत ती अंगणात अडून राहिली, तर आवणातील माणसे खतासाठी खोळंबतात व मजुरीचा दिवस फुकट जातो.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासंबंधीची भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली व बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. परंतु तत्पूर्वीच्या गाड्या खेड्यापाड्यांत अजूनही कामात आहेत. १९८५ साली आलेली सीडी हंड्रेड, १९९४ ची स्प्लेंडर, क्वचित एखादी जुनी बुलेट किंवा येझदी, ह्या सर्वांत कार्ब्युरेटर आहे. त्याचे काम समजून घेतले, तर गाडी अडण्याचे बरेचसे प्रसंग घरच्या घरी निवारता येतात.

पेट्रोल नुसते जळत नाही. हवेशी ठराविक प्रमाणात मिसळल्यावरच ते ठिणगीने पेटते. वजनाने पाहता एक भाग शुद्ध पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा लागते. हे मिश्रण तयार करणे हे कार्ब्युरेटरचे काम. टाकीतील पेट्रोल कॉकमधून आपल्या वजनानेच खाली उतरते व कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या लहान वाटीत साठते. वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल चढले की फ्लोट वर येतो आणि आपल्या डोक्यावरील सुई छिद्रात दाबून वाट बंद करतो. घराच्या छपरावरील पाण्याच्या टाकीत गोळ्याचा नळ असतो, तशीच ही योजना आहे. वाटीतील पेट्रोल पुढे जेट नावाच्या अतिसूक्ष्म छिद्रातून हवेच्या झोतात ओढले जाते.

प्रथम प्लग पाहावा

गाडी चालू झाली नाही की चोक ओढून किकवर किक मारीत राहणे, ही सर्वत्र आढळणारी सवय होय. तिच्यामुळे साधा दोषही अवघड होऊन बसतो. आठ-दहा किका मारून इंजिन दाद देत नसेल, तर थांबावे व प्लगपान्याने प्लग काढून पाहावा. प्लगचे टोक पेट्रोलने ओले व वासाचे असेल, तर पेट्रोल अधिक येत आहे किंवा ठिणगी पडत नाही. टोक कोरडे असेल, तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. ह्या दोन वाटा अगदी भिन्न आहेत. प्लग न पाहता कार्ब्युरेटर खोलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

प्लग ओला असल्यास प्रथम पेट्रोलचा कॉक बंद करावा व चोक पूर्णपणे मागे सारावा. प्लग कोरड्या फडक्याने पुसून, काळी काजळी असल्यास बारीक पॉलिश पेपरने घासून काढावी. प्लग बाहेर असतानाच, चावी बंद ठेवून, आठ-दहा किका माराव्यात. त्यामुळे इंजिनात साठलेले पेट्रोल छिद्रावाटे बाहेर फेकले जाते. हे करताना छिद्रासमोर तोंड नेऊ नये आणि जवळपास विडी, कंदील वा पेटती चूल असू नये. वाफ विरेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे. नंतर ठिणगी तपासावी: प्लग त्याच्या टोपीत बसवून, त्याची धातूची बाजू छिद्रापासून दूर इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवावी, चावी लावावी व किक मारावी. सावलीत निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. प्लगच्या दोन टोकांतील अंतर साधारणतः ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते; गाडीच्या पुस्तिकेत वेगळा अंक दिला असल्यास तोच पाळावा. ठिणगी मंद व तांबूस असेल, तर आधी नवा प्लग घालून पाहावा, कारण तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ठिणगी ठीक असल्यास प्लग बसवून, कॉक बंदच ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडावा व किक मारावी. पूर्ण उघड्या वाटेने हवा भरपूर जाते आणि उरलेले पेट्रोल पेटण्याजोगे पातळ होते. इंजिन एकदा फुरफुरले की मूठ सैल करावी व मग कॉक उघडावा.

येथील उष्ण, दमट हवेत उन्हाळ्यात किंवा इंजिन गरम असताना चोकची जरुरी नसते. बऱ्याच जुन्या गाड्यांत चोकची केबल गंजून पट्टी अर्धवट अडकलेली असते, मालकास वाटते चोक बंद आहे आणि पेट्रोल मात्र अधिक जातच राहते. जावा, येझदी यांसारख्या जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर एक लहान बटण असते. ते दाबले की फ्लोट खाली जाऊन वाटी काठोकाठ भरते. गार इंजिनास ते उपयोगी आहे. गरम इंजिनावर दाबल्यास प्लग हमखास ओला होतो.

पेट्रोल का वाहते?

गाडी उभी असताना कार्ब्युरेटरच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल, तर दोष बहुधा फ्लोट व सुई यांच्या जोडीत असतो. सुईच्या टोकाशी गंजाचा वा मातीचा कण अडकला की वाट पुरती बंद होत नाही. प्रथम स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने वाटीवर हलके टकटक करावे. एवढ्याने कण सुटला नाही, तर वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून, कॉक उघडून थोडे पेट्रोल डब्यात वाहू द्यावे. तरीही गळती राहिली, तर वाटी उघडावी. सुईच्या निमुळत्या टोकावर नखाला जाणवेल अशी रेघ पडली असेल, तर ती घासून नीट होत नाही, बदलावीच लागते. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले, तर तो फुटला आहे असे समजावे. जेट साफ करण्यास तार घालण्याची चाल आहे, ती टाळावी. तारेने छिद्र रुंदावते व गाडी कायमची अधिक पेट्रोल पिऊ लागते. सायकलच्या पंपाने हवा मारावी, किंवा गळाला लावतात त्या तंगुसाचा बारीक तुकडा वापरावा.

डोंगर-उतारावरील वाड्यांत ह्या दोषास आणखी एक कारण मिळते. तिरप्या जागी बाजूच्या स्टँडवर गाडी कलती उभी केली, की फ्लोटची पातळी बिघडते आणि थोडी झिजलेली सुईही गळू लागते. पुढचे चाक उताराकडे असेल, तर वाटीतून उसळलेले पेट्रोल थेट इंजिनात उतरते. चार-स्ट्रोक इंजिनात ते पिस्टनच्या रिंगांवरून झिरपून खालच्या तेलात मिसळते. हा दोष बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच अधिक महाग पडतो, कारण पातळ झालेल्या तेलावर गाडी चालवली की बेअरिंगे व सिलिंडर झिजतात. रात्रभर पेट्रोल गळले असेल, तर तेलाची कांडी काढून वास घ्यावा. पातळी वाढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन चालू न करता आधी तेल बदलावे. रात्री कॉक बंद करावा व गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. कित्येक गाड्यांचा कॉक वर्षानुवर्षे फिरवलेलाच नसतो. तो पहिल्यांदा बळाने फिरवल्यास आतील वॉशर फाटतो, हेही ध्यानात ठेवावे.

घाट चढताना

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात रस्ता १,३०० मीटरांहून अधिक उंची चढतो. वर हवा सुमारे आठव्या हिश्श्याने विरळ असते, परंतु कार्ब्युरेटर पेट्रोल जवळजवळ पूर्वीइतकेच देतो. त्यामुळे खाली ठीक चालणारी गाडी वर गेल्यावर दम टाकते, धूर काळसर होतो व प्लग काजळतो. ह्याला बिघाड समजून घाटातच स्क्रू पिळत बसू नये. खाली उतरल्यावर गाडी पूर्ववत होते. वर बदललेली मांडणी मात्र खाली आल्यावर पेट्रोल कमी पाडते व इंजिन तापते.

कोरडा प्लग आणि पाणी

प्लग कोरडा असल्यास टाकीचे झाकण क्षणभर उघडून पाहावे. झाकणातील हवेचे छिद्र चिखलाने बुजले असेल, तर पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडताच गाडी चालू झाली, तर दोष तेथेच आहे. नसल्यास कॉकची जाळी व त्यानंतर जेट पाहावे.

पावसाळ्यात पाण्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा. २०२३ पासून पंपांवर टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. हे इथेनॉल ऊस, मका व तुकडा तांदूळ यांपासून बनते, तेव्हा शेतकऱ्याचा त्यात वाटा आहेच. परंतु ते पाणी ओढून घेते. झाकणाच्या झिजलेल्या रबरातून पुरेसे पाणी शिरले, की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून अलग होतात व तळाशी बसतात. नेमका तोच थर प्रथम कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. वाटीतील द्रव काचेच्या बाटलीत घेऊन थोडा वेळ ठेवावा. दोन थर दिसले, तर टाकी पूर्ण रिकामी करावी. वरचे पेट्रोल गाळून पुन्हा वापरू नये, कारण इथेनॉल निघून गेल्याने त्याचा कस उतरलेला असतो. ते विहिरीजवळ वा खाचरातही ओतू नये. जुन्या नळ्या व वॉशर ह्या पेट्रोलासाठी घडवलेले नसतात. ते फुगलेले वा तडकलेले दिसताच बदलावेत.

पुरात बुडालेली गाडी

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर व आसपासचा मुलूख पाण्याखाली गेला. अशा पुरातून निघालेल्या गाडीस एकही किक मारू नये व चावीही लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास ते दबत नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. विमा असल्यास धुण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत. प्रथम बॅटरीची तार सोडवावी, प्लग काढावा, नंतर इंजिनातील तेल, टाकी व कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करावेत. एअर फिल्टर बदलावा. नंतर प्लगविना हळूहळू किक मारून पाणी बाहेर काढावे. ताजे तेल घालून इंजिन काही मिनिटे चालवावे व पुन्हा तेल सोडून पाहावे. ते ताकासारखे पांढरट निघाले, तर आत पाणी उरले आहे. स्वच्छ निघेपर्यंत तेल बदलत राहावे. चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेला गाळ धुतल्याखेरीज अशी गाडी रस्त्यावर काढू नये.