थवा आधी ऐकू येतो

आपण पक्षी ‘बघायला’ जातो असं म्हणतो खरं, पण सदाहरित पावसाळी जंगलात बघणं थोडं आणि ऐकणंच फार असतं. श्रीलंकेच्या नैऋत्येला सिंहराजा नावाचं असं जंगल आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो, तेव्हा माझी पासष्टी उलटली होती आणि कानांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. बोलणं व्यवस्थित कळायचं, पण बारीक, उंच पट्टीचे आवाज येईनासे झाले होते. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं लोकांना आंबोलीत पक्षी दाखवत फिरलेल्या माणसानं हे सांगायचं तरी कसं?

बरोबर भाची होती. कुडावाच्या बाजूनं वाटाड्या घेऊन आत शिरलो. जळवांसाठी पायात गुडघ्यापर्यंत कापडी मोजे. पहिला तासभर काहीच नाही. पानांवरून ठिबकणारं पाणी आणि रातकिड्यांची किरकिर, ती अर्थात भाचीला ऐकू येत होती. नवखा माणूस इथेच कंटाळतो. पण पक्षी नसतात असं नाही. ते सगळे मिळून दुसरीकडे कुठेतरी असतात.

या जंगलातले मिश्र थवे प्रसिद्ध आहेत. सारथ कोटगम आणि एबेन गुडेल या अभ्यासकांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या. एका थव्यात सरासरी 40च्या आसपास पक्षी आणि 11-12 जाती! बहुतेक थव्यांत दोघे हमखास असतात. एक नारिंगी चोचीचा सातभाई, आपल्या अंगणातल्या सातभाईंचा नातेवाईक आणि तितकाच बडबड्या. ही टोळी पानं विसकटत पुढे सरकते आणि किडे उडवते. दुसरा कोतवाल. श्रीलंकेतल्या या कोतवालाला डोक्यावर शेंडी असते. उडालेले किडे तो हवेतच टिपतो, आणि ससाणा-शिक्रा दिसला की ओरडतो. त्याच्या ओरडण्यावर इतरांचा भरवसा असतो. आयती राखण मिळते म्हणून बाकीचे मागे येतात.

कोतवाल नकलाही छान करतो. या दोन अभ्यासकांनी त्याचे ध्वनिमुद्रित आवाज जंगलात वाजवून पाहिले. नुसत्या स्वतःच्या आवाजापेक्षा त्यानं केलेल्या इतरांच्या नकलांना अधिक पक्षी जमले. म्हणजे गडी दुसऱ्याच्या आवाजात हाका मारून गिऱ्हाईक गोळा करतो! हे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले.

आमचा थवा आला तो असाच. आधी सातभाईंचा कलकलाट, मग कोतवालाची शीळ. हे दोन्ही आवाज मला स्वच्छ ऐकू आले. मग पाच-सात मिनिटं नुसती धांदल. लाल पोटाचा कर्णा एका फांदीवर मूर्तीसारखा बसला, लाल तोंडाचा मलकोहा वेलींच्या जाळीतून सरकत गेला. भाचीनं विचारलं, “मामा, हे कोण बारीक चिटचिटतंय?” मला काहीच ऐकू येत नव्हतं. एवढ्यात खोडावरून खाली डोकं करून उतरणारी मखमली शिलिंध्री दिसली. आंबोलीत हिला मी नेहमी आवाजावरून शोधायचो. तिथेच भाचीला खरं काय ते सांगून टाकलं.

आम्ही चाललो होतो तो रस्ता मुळात लाकूडतोडीसाठी काढलेला. 1970च्या दशकात प्लायवूडसाठी इथली झाडं तोडली जात होती. लोकांनी विरोध केला आणि तोड थांबली. 1988 साली जंगलाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या लढ्यात थिलो हॉफमन पुढे होते. पुढे एका छोट्या घुबडाला त्यांचं नाव देण्यात आलं. त्याची गंमत अशी, की दीपल वारकागोडा यांनी 1995 साली एक अनोळखी आवाज ऐकला. आवाजाचा धनी प्रत्यक्ष दिसला 2001 साली, इथेच सिंहराजात. सहा वर्षं तो पक्षी म्हणजे नुसता एक आवाज होता. घुबडाची नवी जात म्हणून शास्त्रीय वर्णन झालं 2004 साली.

परत आल्यावर मी कान तपासून घेतले, यंत्रही घेतलं. जंगलात ते बरंच कामाला येतं, सगळंच नाही. आता आंबोलीला आम्ही दोघं जातो. बारीक आवाज आला की भाची बोटानं दिशा दाखवते, कसा आहे ते ओठांनी करून दाखवते आणि नाव मी सांगतो. तिची नक्कल कधीकधी इतकी वाईट असते, की मी भलतंच नाव सांगतो आणि मग दोघांनाही दुर्बीण काढावी लागते.