ताटावरून उठवू नका!

मैत्रिणींनो, घरातले फोटोंचे अल्बम एकदा काढून बघा. मुंज, बारसं, महाबळेश्वरची सहल, सारं काही त्यात सापडेल. पण केवळ आपल्याला आवडलं म्हणून, आपण स्वतः टिपलेला फोटो त्यात किती? माझ्याकडे तर एकही नव्हता. म्हणून लेकीने नवा कॅमेरा घेतला तेव्हा तिचा जुना मी मागून घेतला आणि भिगवण गाठलं.

पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटरवर हे गाव. उजनी धरणाचं पाणी इथवर पसरलेलं आहे. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. पुढे पाणी ओसरू लागतं, उथळ चिखलाच्या जागा तयार होतात आणि हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. रोहित म्हणजेच फ्लेमिंगो. जवळच्या कुंभारगाव, डिकसळहून भल्या पहाटे नावा निघतात.

पहिल्या खेपेला मी काय केलं, सांगू? पक्षी दिसताच नावेवाल्या दादांच्या मागे लागले, "आणखी जवळ घ्या ना!" ते म्हणाले, "ताई, उठतील ते." पण मी कुठली ऐकते! पक्ष्यांनी माना वर केल्या, खाणं थांबवलं, सगळे एका दिशेला चालू लागले आणि बघता बघता पाण्यावर धावत अख्खा थवा उडाला. मी आपली बटण दाबतेय! घरी येऊन बघते तर फोटोत नुसत्या पाठी आणि लोंबते पाय.

त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो आणि चाळणीतून गाळावं तसं शेवाळ, बारीक जीव गाळून खातो. त्या खाण्यातल्या रंगद्रव्यांनीच त्याची पिसं गुलाबी होतात. पिल्लं तर करडीच असतात. म्हणजे ज्या रंगासाठी मी धावत गेले, तो त्या घासातूनच येतो. जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये म्हणतो ना आपण? मी तर अख्खी पंगत उठवली होती!

दुसऱ्या खेपेला नाव लांबच थांबवायला सांगितली. सूर्य पाठीशी घेतला आणि गप्प बसून राहिले. अर्ध्या तासाने थवा खात खात आपणहून पुढे सरकला. कोवळं ऊन तिरपं येत होतं, पाणी सोनेरी आणि त्यात गुलाबी पायांची लांबच लांब प्रतिबिंबं. तोच फोटो आज आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे.

हा उजेड म्हणजे एकतारी पाक हो! क्षण चुकला की गेला. ऊन चढलं की रंग फिके दिसतात. म्हणून सूर्य उगवण्याआधीच जागेवर असा. आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा :

* पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस करा. नावेत जमेल तितकं खाली बसा. पक्ष्याच्या नजरेच्या उंचीवरून फोटो छान येतो.
* बगळ्यासारखे पांढरे पक्षी उन्हात चुन्यासारखे दिसतात. त्यासाठी उजेड थोडा कमी करा. मोबाइलवर पक्ष्यावर बोट टेकवून सूर्याची खूण खाली ओढली की काम होतं.
* उडता पक्षी टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा.
* भडक साडी नको. मातकट, हिरवट रंग बरे. शाल आणि टोपी हवीच, पाण्यावर गारठा फार.
* पक्ष्यांनी खाणं सोडून माना उंचावल्या, की नाव तिथेच थांबवा. मोठा कॅमेरा नसेल तर पक्षी छोटा आणि पाणी-आकाश मोठं, असा फोटो घ्या. तोही सुरेखच दिसतो.

घरचं कसं होईल म्हणता? अहो, एका सकाळी चहा ज्याचा त्याने करून घेतला तर काही बिघडत नाही. आमच्याकडे तर त्या दिवशी पोहेसुद्धा झाले होते. मीठ विसरलं होतं, एवढंच!