दुसरा ॲम्प कशाला?

मध्य प्रदेशात पांढुर्ण्याजवळच्या तिगावात कुणी इलेक्ट्रिक गिटार शिकत असेल, तर ॲम्प बंद पडायची धास्ती त्याला वाटणारच. पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 साली वेगळा जिल्हा झाला खरा. पण वाद्यांची मोठी बाजारपेठ म्हटली की पावलं अजून नागपूरकडेच वळतात. मग दुरुस्तीत आठवडा जाणार, तेव्हा एक ॲम्प जादा घेऊन ठेवावा, असा सल्ला मिळतो. मला हा सल्ला घाईचा वाटतो. घरी वाजवणाऱ्याचा ॲम्प बिघडला तर बुडतो तो रियाज. तो चुकू नये हे ठीक, पण त्यासाठी आवाज ऐकण्याची दुसरी वाट लागते, दुसरं खोकं नव्हे.

आवाज गेला की ठपका आधी ॲम्पवर येतो. खरं तर रोज ओढली जाते, पायाखाली येते ती केबल. जॅकजवळ वायर हलवली की आवाज येतो-जातो, म्हणजे आत डाग सुटलेला असतो. नॉब फिरवताना होणारी खरखर बहुतेकदा धुळीची असते. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तार गुंडाळून काम भागवणं म्हणजे पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी. जादा केबल आणि दोन फ्यूज घरात असले, तर बरेचसे बिघाड जागच्या जागी निस्तरतात.

‘पण ॲम्पच खरोखर जळाला तर?’ तर इयरफोन लावता येईल असं छोटं प्रोसेसर पेडल कामाला येतं, तेही बॅटरीवर चालणारं असलं तर उत्तम. कारण लाइट गेली की भिंतीवरच्या 230 व्होल्टवर चालणारे दोन्ही ॲम्प एकदमच गप्प होतात. शिवाय कोपऱ्यात झाकून ठेवलेला ॲम्प ताजा राहतो, हाही भ्रमच. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षं न वापरताही कमजोर होतात. ज्याच्या भरवशावर राहायचं, तोच ऐन वेळी दगा देतो.

नवरात्रात मंडळासमोर वाजवायचं असेल तर गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. तिथे साउंडवाल्याचे बॉक्स असतातच. मात्र गिटार थेट माइकच्या इनपुटला लावली तर आवाज बोदा येतो, कारण ते इनपुट पिकअपला पेलत नाही. डिस्टॉर्शन टाकलं तर उलट माश्या घोंघावल्यासारखं ऐकू येतं. गिटारचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचा कर्कशपणा गाळतो, मंडपातले बॉक्स गाळत नाहीत. स्पीकरची नक्कल करणारं पेडल मध्ये असलं की दोन्ही दुखणी मिटतात, आणि घरी इयरफोनला लावायचं ते हेच पेडल.

शिकवण्या घेणाऱ्याने, किंवा व्हॉल्व्हचा ॲम्प रोज तापवणाऱ्याने दुसरा जरूर ठेवावा. व्हॉल्व्ह झिजतातच, आणि प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून घरी पेचकस लावायची सोय नाही. तरी तो दुसरा लहानच पुरे. वॅट निम्मे झाले तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने उतरतो. बाकीच्यांना वेगळा टोन हवा म्हणून दुसरा ॲम्प घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा. फक्त घरच्यांना सांगताना त्याला ‘अडीअडचणीचा’ म्हणू नये.