दोन मोठे चमचे पाणी

मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं की डॉ. आंबेडकर रोडवर बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागते. पाऊस थांबतो, पाणी उतरतं, आणि मग लालबाग-परळच्या चाळींखाली, दादरच्या गल्ल्यांत एकेक बॉनेट उघडलं जातं. कुणी प्लग काढून पुसतो, कुणी एअर फिल्टर वाळत घालतो, कुणी धक्का मारायला शेजारची पोरं गोळा करतो. यातलं बरंच काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. पण त्या बंद इंजिनात जे घडून गेलेलं असतं, किंवा पुढच्या क्षणी घडणार असतं, त्याचा विचार करू लागलं की मी दर वेळी थक्क होतो.

हा भाग पहिल्यापासूनच पाण्याचा. परळ हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. बेटांमधल्या सखल जमिनीत भर घालत शहर जोडलं गेलं, तरी हिंदमाता आजूबाजूपेक्षा खोलगट राहिलं. त्यात समुद्राला मोठी भरती असली की नाल्यांचं पाणी बाहेर पडायला वाव मिळत नाही. म्हणून तर महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायला भल्यामोठ्या टाक्या बांधल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी गाड्या बुडाल्या यात नवल नाही. नवल हे, की इंजिन मोडायला गाडी बुडावी लागतच नाही. दोन मोठे चमचे पाणी पुरतं.

ते कसं? गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण इंजिन पोटात घेतं ती मुख्यतः हवा. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ११ किलो हवा लागते, म्हणजे नऊ हजार लिटरांहून जास्त. दादरहून गिरगावला जाऊन येईपर्यंत एवढी हवा त्या छोट्याशा यंत्रातून गेलेली असते. हवा ओढण्याची ही ताकद अफाट आहे, आणि तोंडाशी काय आलंय, हवा की पाणी, हे तिला कळत नाही. पाणी एअर फिल्टरच्या नळीपर्यंत चढलं की इंजिन तेही तितक्याच जोमाने ओढतं. कधी रस्त्यावर गुडघ्याच्याही खालीच पाणी असतं, पण शेजारून बस जाते, तिची लाट बॉनेटवर आदळते आणि तेवढ्यात एक घोट आत जातो.

आता आतला हिशोब बघा. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घेतलं तर एकेका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशनचं प्रमाण दहास एक असेल, तर पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरलेली जागा असते फक्त ३३ सीसी. हवा त्या जागेत मावते, कारण ती दबते. पाणी दबत नाही. अगदी काटेकोरपणे सांगायचं तर दबतं, पण किती? मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर खोलीवर, हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली पाणी जेमतेम पाच टक्के आक्रसतं. सिलिंडरमध्ये ३३ सीसीपेक्षा जास्त पाणी असेल तर पिस्टनला वर जायला वाटच नाही. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन आणखी जास्त, म्हणून मोकळी जागा आणखी कमी. तिथे २० सीसीसुद्धा जड जातात.

इंजिन चालू असताना हे झालं तर काय होईल? मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. खालून वर यायला पिस्टनला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. वर पाण्याची भिंत, खाली फ्लायव्हीलचा सगळा वेग, आणि मध्ये सापडतो कनेक्टिंग रॉड. हा रॉड काही लेचापेचा नसतो. गाडी पूर्ण जोरात असताना प्रत्येक स्फोटाचा दोन टनांच्या आसपासचा भार तो सहज पेलतो. पाण्यापुढे मात्र तो वाकतो, कधी तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो.

काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीवर हा प्रसंग कमी यायचा, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. कुर्ल्याला बनणाऱ्या त्या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनात करंट वाटून देणारा डेल्को ओल सोसत नसे. पाणी उडालं की ठिणगी भरकटायची आणि इंजिन घोट घेण्याआधीच बंद पडायचं. टॅक्सीवाला डेल्कोचं झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसायचा आणि निघायचा. त्या गाडीचा कमकुवतपणाच तिचं रक्षण करत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नव्या गाड्यांचं इग्निशन इतकं बंदिस्त असतं, की भर पाण्यातही ठिणगी पडत राहते आणि इंजिन पाणी ओढेपर्यंत धावत राहतं.

म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नये. बहुतेकदा सेल्फ नुसता अडतो आणि इंजिन जाम वाटतं, पण पुन्हा पुन्हा रेटलं तर नुकसान होऊ शकतं. धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडणं तर याहून वाईट. त्या क्षणी जवळजवळ टनभर वजनाच्या धावत्या गाडीचा सगळा रेटा चाकांकडून उलटा फिरून त्या एका रॉडवर येतो. विम्याचं म्हणाल, तर साध्या पॉलिसीत इंजिनाचं हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं.

घरी करायचं काम असं. बॅटरी सोडून आधी ऑइल बघायचं. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, काढून नवं भरा. मग चारही प्लग काढायचे, कॉइल आणि पेट्रोल पंपाची जोडणी सोडवायची, बॅटरी जोडून तोंड बाजूला ठेवून सेल्फ मारायचा. प्लगच्या भोकांतून पाण्याचे फवारे उडतात. बरेच जण इथेच खूश होऊन प्लग बसवतात आणि गाडी चालू करतात. पण एअर फिल्टरच्या डब्यात आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खोलगट भागात अजून पाणी साचलेलं असतं. इंजिन सुरू होतं, रेस दिली जाते, आणि कोरड्या रस्त्यावर उभ्या गाडीचा रॉड वाकतो. तो डबा, ती नळी, मॅनिफोल्ड, सगळं आधी कोरडं करायला हवं.

दुसरी अडचण याहून छुपी. रॉड एखादाच मिलिमीटर आखडला असेल तर गाडी सुरू होते, चालते, पिकअपही बरा वाटतो. मात्र वाकलेल्या रॉडमुळे पिस्टन तिरपा घासत राहतो, गाडी ऑइल खाऊ लागते, बाकावर प्रत्येक फेऱ्याला ताण येऊन तिथे चीर वाढू शकते. काही महिन्यांनी, पावसाची आठवणही उरलेली नसताना, रॉड तुटतो. मालकाला दोन्हींचा संबंध लागत नाही.

हा मिलिमीटर इंजिन न उतरवता पकडता येतो. सिलिंडरचा व्यास सात सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर पिस्टन एक मिलिमीटर खाली राहिल्याने वरची जागा चार सीसींनी वाढते, ३३ ची ३७ होते, आणि कॉम्प्रेशन दहावरून नऊवर येतं. गेज लावलं तर तो सिलिंडर इतरांपेक्षा कमी दाखवतो. दुसरा उपाय बिनखर्चाचा. पेट्रोल गाडीत प्लग काढून लाकडाची सरळ, पातळ काडी भोकातून पिस्टनवर टेकवायची, पान्याने क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा, काडी अडकू द्यायची नाही, आणि पिस्टन सर्वांत वर आला की भोकाच्या काठाशी काडीवर खूण करायची. असं चारही सिलिंडरचं करायचं. खुणा जुळल्या तर प्लग बसवा. तीन जुळल्या आणि चौथी काडीवर इतरांपेक्षा वर पडली, तर गाडी चालू न करता टो करून गॅरेजला न्या. तो रॉड बदलावाच लागेल.