ताट, सोबत आणि गाणं

आज एका अशा दुखण्याबद्दल बोलायचं आहे, जे चुलीजवळच बसलेलं असतं, पण कुणाला दिसत नाही. घरात धान आहे, वरण शिजलं आहे, तरी घरातली एखादी पोरगी किंवा सून नीट जेवत नाही. गरिबीमुळे नाही, मनामुळे.

समजा, एका मुलीला बघायला पाहुणे आले आणि जाताना "पोरगी जरा जाडच आहे" म्हणून गेले. त्या दिवसापासून तिनं रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळचं. विचारलं तर म्हणते, मैत्रिणीकडं खाल्लं. दुसरी एखादी चोरून भरपूर खाते आणि मग परसात जाऊन घशात बोटं घालून उलटी करते. तिसरी मन दाटून आलं की पातेलंभर भात संपवते आणि नंतर लाजेनं रडत बसते. डॉक्टर पहिल्या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात, दुसऱ्याला बुलिमिया आणि तिसऱ्याला बिंज इटिंग. आपण मात्र म्हणतो, नखरे आहेत, उपास आहे, नाहीतर बाहेरचं काही लागलं आहे.

हे आपल्या लक्षात का येत नाही? कारण आपल्या पुष्कळ घरांत बाई सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवते. तिच्या ताटात काय होतं, हे बघायला तिथं कुणी नसतं. बाईचं दुखणं असं झाकून राहतं, हे आपल्याच गडचिरोलीनं जगाला दाखवून दिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या 92 बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. पण आधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त 8 होत्या. अंगाचं दुखणं इतकं लपतं, तर मनाचं किती लपत असेल!

उपाशी राहिल्यानं मन कसं बदलतं, याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली झाला. 36 धडधाकट तरुण स्वतःहून पुढं आले. त्यांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही चांगली हसतीखेळती माणसं चिडचिडी झाली, उदास झाली, एकटी राहू लागली. दिवसभर डोक्यात फक्त अन्न. काही जण स्वयंपाकाची पुस्तकंच वाचत बसायचे. पुन्हा जेवण सुरू झालं, तरी मन ताळ्यावर यायला कित्येक महिने लागले. म्हणून तुमची पोरगी सगळ्यांना आग्रहानं वाढत असेल, पण स्वतः घास घेत नसेल आणि बोललं की अंगावर येत असेल, तर तो तिचा स्वभाव समजू नका. भूकच तिच्या तोंडून बोलत असते.

आता करायचं काय?

पहिलं काम तपासणीचं. वजन उतरण्याला दुसरी कारणंही असतात. क्षय, मधुमेह, थायरॉइड, जंत, आणि आपल्या भागात सिकलसेल. म्हणून आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पाळी बंद झाली, चक्कर येते, छातीत धडधडतं, रोज उलटी होते, असं असेल तर थांबू नका. सारख्या उलट्यांनी रक्तातले क्षार कमी होतात आणि हृदयाला धोका होतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं. जेवण किती आणि कसं वाढवायचं, ते डॉक्टर ठरवतील. मनाच्या आजारासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मरणाच्या गोष्टी कुणी बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नका.

दुसरं काम घरातलं. तिला एकटी जेवायला बसवू नका. ठरलेल्या वेळी, थोडं थोडं, पण सोबत बसून जेवा. जबरदस्तीनं घास कोंबू नका, "एवढंच?" असं टोकू नका, आणि "आता अंग धरलं बरं का" असं कौतुकानंसुद्धा म्हणू नका. जेवताना गोष्टी करायच्या त्या रोवणीच्या, मोहाच्या, शेजारच्या वासराच्या. अंगाच्या नाही.

या आजारात जेवण संपल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास फार अवघड असतो. पोट जड वाटतं, अपराधी वाटतं, उठून परसात जावंसं वाटतं. इथं गाण्याची सोबत कामाला येते. गाताना श्वास लांब सुटतो, जीव थोडा शांत होतो, आणि ती अवघड वेळ निघून जाते. आपल्याकडं गाण्याला काय तोटा? रोवणीची गाणी आहेत, गोंडी रेला आहे, दंडार आहे, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं आहेत. गळा चांगला असायची गरज नाही. तिला आवडणारं, लहानपणाची माया आठवून देणारं गाणं निवडा आणि तिच्याजवळ बसून गा. बायांच्या रंगारूपाची थट्टा करणारी गाणी तेवढी बाजूला ठेवा.

पण नुसतं गाणं म्हणजे औषध नव्हे. अमेरिकेची कॅरन कार्पेंटर ही जगभर ऐकली जाणारी गायिका. तिच्या आवाजानं लाखो लोकांना धीर दिला. ती स्वतः याच न जेवण्याच्या आजारानं खंगली आणि 1983 साली, अवघ्या 32 व्या वर्षी, हृदय बंद पडून गेली. म्हणून दवाखाना, ताट आणि गाणं, तिन्ही लागतात.

आणि लागते स्वतःवरची माया. म्हणजे आरशासमोर स्वतःचे गुण गाणं नाही. शेजारणीचं लेकरू उपाशी असेल तर आपण त्याला दोन घास देतो. त्याचं रूप बघून देत नाही, भूक बघून देतो. तेवढीच दया आपल्या अंगावर करायची. याच पायांनी आपण तेंदूपत्त्याला जंगल तुडवतो, याच हातांनी रोवणी करतो. आज खाऊन उलटी झाली, तर स्वतःला शिव्या न देता पुढच्या जेवणाला वेळेवर बसायचं. बरं व्हायला महिने लागतात, कधी वर्षं लागतात. मधे पाय घसरतो. पण योग्य उपचारांनी माणसं बरी होतात.

बायांनो, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एकच प्रश्न विचारा, "काल रात्री कोण कोण एकटी जेवली?" जिचा हात वर होईल, तिच्याकडं या आठवड्यात एकदा जेवायच्या वेळेला जा. सोबत बसा, जेवा, आणि ताट उचलल्यावर लगेच निघू नका. एखादं गाणं म्हणा.